आडाच्या तळातून

बारा वर्षांचा असताना मी आडात उतरायचो,
कमरेला दोर, बुडालेली मोटार बांधायला.
वर बघितलं की ताटाएवढं आभाळ
आणि त्याच्या काठानं वाकलेली डोकी:
"सापडली का बे?"
मी उगाच वेळ लावायचो.

आता कळंबच्या रस्त्यावर रिवायंडिंगचं दुकान आहे,
तांब्याची तार, वार्निशचा वास,
आणि जिनिंगच्या काटापावतीमागं काढलेली एक आकृती.
चार इंची पीव्हीसी, वीतभर.
खाली झाकण, झाकणाला वायरपुरतं भोक.
आत प्रणोतीच्या पॉलिटेक्निकमधून आलेलं
तळहाताएवढं बोर्ड
आणि वाटाण्याएवढं भिंग,
जे एकाच वेळी चारही दिशांना बघतं.
वर पारदर्शक घुमट.

तो आणायला सीताबर्डीला गेलो.
दुकानदार म्हणाला, चोरी झाली का गावात?
म्हटलं, रोजच होते.
एका म्हातारीची खाट तिघं जण उचलून नेतात,
उत्तरेकडं.
पोलिसात द्यायला पुरावा पाहिजे.
त्यानं बिल केलं, वर बघितलं नाही.

टिनावर बसवला. पहिल्या रात्री
नुसता दुधी गोळा. पौषातलं दव.
मग जुन्या टीव्हीतले आठ रेझिस्टर
गोल वाकवून घुमटाखाली ठेवले,
कोंबडीच्या पिलाला पुरेल एवढी ऊब.
दुसऱ्या रात्री दव नव्हतं,
पण ग्रामपंचायतीचा नवा हायमास्ट होता
आणि अर्धं आभाळ जळालेल्या पोळीसारखं.
दिगांबर लाइनमनला चहा पाजला.
तो म्हणाला, "काहाले पाहिजे तुले अंधार?
लोकं उजेडासाठी अर्ज देतात."
तरी रात्री अकरानंतर तो दिवा
अधूनमधून 'बिघडू' लागला.

मग दिसलं.
कॉम्प्युटरवर अख्खं गाव गोल वाकलेलं:
पाण्याची टाकी, निंब, मोबाईलचा टावर,
सगळे आत झुकून बघताहेत,
आणि तळाशी मी.
काठावर, हरभऱ्याच्या रानात,
रात्रीची थ्री फेज आलेल्यांच्या बॅटऱ्या.
तेही माझ्या आभाळात आले, परवानगी न घेता.

त्या महाशिवरात्रीच्या आदल्या रात्री
सगळ्यांनी बघितला तो हिरवा गोळा,
टाकीवरून रानाकडं सरकत गेलेला,
कुत्री गप्प झाली म्हणतात.
सकाळी दुकानासमोर पंचवीस माणसं.
प्रणोतीनं फोटो उघडला.
दोन वाजून सात मिनिटं:
पालीचं पोट.
फिकट, भलंमोठं, आभाळाएवढं,
पाच बोटं पसरलेली,
आत एक काळसर ठिपका, बहुतेक किडा.
ऊब मी दवासाठी दिली होती.
ती तिला आवडली.

हसून हसून लोक पांगले.
वच्छला मडावी तेवढी थांबली,
हातात मिक्सरचं भांडं, मूळ कामासाठी आलेली.
"बाकीच्या रात्री दाखव."
सगळे फोटो एकावर एक चढवून
प्रणोतीनं केलेलं चित्र दाखवलं.
ताऱ्यांच्या रेघा,
निंबाच्या शेंड्याजवळ ध्रुव, जवळजवळ ठिपकाच,
आणि त्याच्या भोवती सात कमानी.
"हे चार पाये," मी म्हटलं, "अन् हे तीन चोर."
ती बराच वेळ बोट फिरवत राहिली काचेवर.
"नेत कुठीच नाहीत नं मंग.
फिरवूनच रायले बुढीले."

मिक्सरचा कॉइल गेला होता. ऐंशी रुपये सांगितले, साठ दिले.

आज पाल काढली काठीनं, हळूच.
घुमट पुसताना फोटो पडला असावा:
तीन वाजून एक्केचाळीस,
कडेला एक काळं डोकं, हातात फडकं,
वाकून आत बघणारं.
कोणाचं ते ओळखायला मला थोडा वेळ लागला.

चैत्र लागला की सिलिकॉन सुटेल.
एक ट्यूब आणून ठेवायला हवी.